पंचेचाळीस मिलिमीटर

मोठ्या मापाच्या मॉडेल रेल्वेला किती खर्च येतो असं कुणी विचारलं, तर आधी इंजिनाचा भाव सांगू नये. तो ऐकून माणूस एकतर हसतो नाहीतर विषय बदलतो, आणि खरा खर्च त्याच्या कानावर पडायचा राहूनच जातो. सुरुवात रुळांपासून करावी. जर्मनीतल्या एलजीबी कंपनीचा पितळी रूळ घ्या. दोन पट्ट्यांमधलं अंतर ४५ मिलिमीटर, तुकडा ३० सेंटिमीटरचा, किंमत दहा युरोंच्या आतबाहेर. बागेत तीस मीटरचं एक साधं वेटोळं घालायचं तर असे शंभर तुकडे लागतात. हजार युरो झाले, म्हणजे आपले लाखभर रुपये. गाडी अजून आलेलीच नाही.

मग जोड येतात. तुकड्यांबरोबर मिळणाऱ्या जोडपट्ट्या उन्हापावसात सैल पडतात, पितळेवर काळपट थर चढतो, पुढच्या रुळाला वीज पोचत नाही आणि गाडी नेमकी झुडपाआड जाऊन उभी राहते. त्यावर उपाय स्क्रूने आवळायच्या क्लॅम्पचा. शंभर जोड, प्रत्येकाला दोन बाजू, दोनशे क्लॅम्प. एकेक घेताना दोन-तीन युरो डोळ्यांवर येत नाहीत. बेरीज केली की येतात. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर न्यायचा साधा, हाताने बदलायचा सांधा साठ-सत्तर युरोंच्या घरात, मोटारीचा त्याच्याही पुढे. रूळ नुसता मातीवर टाकूनही भागत नाही, पहिल्याच हिवाळ्यात तो वर-खाली होतो. म्हणून खाली काँक्रीटची पट्टी, तिच्यावर बारीक खडी. शिवाय दणकट ट्रान्सफॉर्मर, आणि दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या तर डिजिटल यंत्रणा. एवढं उरकल्यावर इंजिनाचा भाव विचारावा. हजार युरो ऐकून मग फारसं काही होत नाही.

बँकेच्या कर्जखात्यात जन्म गेल्यामुळे ही तऱ्हा माझ्या ओळखीची आहे. लघुउद्योगाच्या अर्जात माणूस यंत्राची किंमत बिनचूक लिहितो. पाया, शेड, वीजजोडणी आणि खेळतं भांडवल विसरतो. त्या गोष्टींची त्याला आठवण करून देणं हेच माझं काम होतं. माझ्या आतेभावाला अशी आठवण करून देणारं कुणी भेटलं नाही, किंवा भेटलं असेल तर त्यानं ऐकलं नाही.

दादा स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. नोकरीसाठी गेला तो तिकडचाच झाला, आता निवृत्त आहे. घरामागे लांबट बाग आहे आणि वहिनींच्या टोमॅटोच्या वाफ्याला वळसा घालून जाणारी त्याची रेल्वे आहे. वाफ्याची हद्द बऱ्याच वाटाघाटींनंतर ठरली, असं ऐकून आहे. खर्चाचा विषय निघाला की दादाचं उत्तर ठरलेलं, हौसेला मोल नसतं. हे वाक्य आपल्याकडे बहुतेक लग्नाच्या मांडवात ऐकू येतं, आणि ते म्हणणारा सहसा बिल चुकवणारा नसतो. इथे मात्र बोलणारा आणि चुकवणारा एकच आहे, म्हणून मी ते निदान ऐकून घेतो.

आम्ही दोघं मिरजेचे. मिरज म्हटलं की लोकांना सतार आठवते, नाहीतर दवाखाने. पण या जंक्शनात एके काळी तिन्ही मापांचे रूळ नांदत होते. पुण्याकडची लाइन १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाली. दक्षिणेला लोंढ्याकडे मीटरगेज होती. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी. एका गाडीतून उतरून दुसरीत चढलं की पायरीची उंची, बाकाची रुंदी, शिटीचा सूर, सगळंच बदलायचं. दादाचा जीव मधल्या मापावर. मीटरगेजचं वायपी इंजिन त्याचं दैवत. पुढे चार लहान चाकं, मध्ये सहा मोठी, मागे दोन, ही रचना तो अजून बोटांवर मोजून दाखवतो.

एलजीबीच्या बऱ्याचशा गाड्या १:२२.५ या मापाच्या असतात. एका मीटरला साडेबावीसने भागलं की ४४.४ मिलिमीटर येतात. म्हणजे हे ४५ मिलिमीटरचे रूळ मुळात मीटरगेजचे. दुकानाच्या काचेपाशी उभं राहून दादाने हा भागाकार मनातल्या मनात केला आणि तिथेच घात झाला, असं वहिनी म्हणतात. स्वित्झर्लंडची रेशियन रेल्वे मीटरगेज आहे, तिची इंजिनं आणि लाल डबे एलजीबी बनवते. वायपी त्याला कुठल्याच कॅटलॉगात दिसलं नाही. तेव्हा मीटरगेज तर मीटरगेज, म्हणून मिरजेच्या माणसाच्या बागेत आल्प्समधली गाडी धावू लागली.

एलजीबीची कुळकथा मोठी गमतीची आहे. ती काढणारं लेहमान हे घराणं पत्र्याच्या खेळण्यांचं, १८८१ पासूनचं, ब्रँडनबुर्गचं. महायुद्धानंतर पूर्व जर्मनीत कारखाना सरकारजमा झाला, मालक पश्चिमेला आले आणि १९५१ मध्ये न्यूरेंबर्गला त्यांनी पुन्हा शून्यातून सुरुवात केली. १९६८ मध्ये, खेळण्यातल्या गाड्या टेबलावर मावाव्यात म्हणून दरवर्षी आक्रसत चाललेल्या असताना, त्यांनी उलट जाऊन ही दांडगी, पावसात भिजली तरी चालणारी गाडी काढली. पहिलं इंजिन ऑस्ट्रियातल्या श्टाइन्झच्या छोट्या लाइनवरचं. ती लाइन ७६० मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ आपल्या बार्शी लाइटएवढी. साडेबावीसने भागलं तर रूळ ३४ मिलिमीटरचा हवा; कंपनीने तो ४५ चाच ठेवला. मापाचा एवढा बडेजाव मिरवणाऱ्या छंदाचं पहिलं पाऊलच असं वाकडं पडलं आहे, आणि त्याची कुणाला फिकीर नाही. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीचं अप्रूप वाटलं. ते मूळ इंजिन क्राउस कंपनीने १८९२ मध्ये बांधलं. हीच क्राउस पुढे माफाय कंपनीशी एकत्र आली आणि त्या क्राउस-माफायने १९५० च्या दशकात भारतासाठी वायपी इंजिनं बांधली. दादाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी चुकीच्या दुकानात गेलो नव्हतो."

रूळ एक आणि मापं अनेक, हा इथला खरा सापळा. १:३२ हे माप घेतलं तर ४५ मिलिमीटर म्हणजे खरं स्टँडर्डगेज होतं. १:२०.३ घेतलं तर अमेरिकेतलं तीन फुटी. काही अमेरिकी कंपन्यांनी १:२९ काढलं, जे कशातच नीट बसत नाही, पण गाडी भरदार दिसते. दुकानदाराला विचारलं, ही त्या रुळावर चालेल का, तर तो खरंच सांगतो, चालेल. घरी आणून जोडल्यावर कळतं की या इंजिनाचा ड्रायव्हर त्या डब्याच्या दारातून वाकूनसुद्धा आत जाऊ शकणार नाही. मग तो डबा फळीवर जातो. दादाकडे अशी एक फळी आहे. वहिनी तिला बुडीत खातं म्हणतात. हा शब्द त्यांना मीच पुरवला.

आता मापाचं थोडं गणित. टेबलावरच्या गाड्यांचं सगळ्यांत चालतं माप एचओ, म्हणजे १:८७. त्याच्याशी तुलना केली तर एलजीबीची गाडी लांबीला पावणेचारपटीहून थोडी जास्त भरते. पण रुंदी आणि उंचीही तितक्याच पटीने वाढतात, म्हणून जागा पंधरापट लागते आणि आकारमान अठ्ठावन्नपट होतं. किंमत मात्र चार-पाचपटच. वजनावर विकत घेतली तर मोठी गाडी स्वस्त आहे! हे मी दादाला कौतुकाने सांगितलं आणि त्याने ते त्याच संध्याकाळी वहिनींना ऐकवलं, तेव्हा त्या घरात माझं वजन किती घटलं ते सांगवत नाही.

पण त्या वजनातच सगळी गंमत आहे, हे बागेत बसल्यावर कळतं. रेशियन रेल्वेचं जुनं तपकिरी इंजिन आहे, लांब नाकाडामुळे त्याला मगर म्हणतात. खरं इंजिन १३.३ मीटर लांब. दादाचं दोन फुटांना थोडं कमी. लाल खोक्यातून काढताना तो आधी वर्तमानपत्र पसरतो, मग दोन्ही हात इंजिनाच्या पोटाखाली घालतो, कारण बाजूला धरलं की पायऱ्या आणि दांडे मोडतात. प्रत्येक आसाला तेलाचा एकेक थेंब. चाकांच्या मध्ये रुळावर घसरत वीज घेणारे छोटे धातूचे पाय असतात, ते तो अंगठ्याने दाबून बघतो, परत वर येतात ना. मग रुळावर ठेवतो आणि चाकं बसली की नाही ते बोटाने चाचपतो. छोटी गाडी सुरू होताना हिसका मारते, थांबताना ठेचकाळते. ही तशी नाही. आधी चाकांना जोडणारे दांडे हलतात, मग ती निघते. वीज तोडल्यावरही थोडी पुढे जाते, मग थांबते. जोडावरून जाताना प्रत्येक चाकाचा आवाज वेगळा ऐकू येतो, आणि डबे एकामागून एक किंचित डुलतात. हे डुलणं रंगवून किंवा तासून आणता येत नाही, त्याला किलोच लागतात. ज्याने लोंढ्याच्या गाडीत खिडकीपाशी बसून प्रवास केला आहे, त्याचा हात इथे पाकिटाकडे गेला तर मी त्याला दोष देणार नाही.

एवढी किंमत का, तर साच्यामुळे. डब्याच्या एका बाजूचा पोलादी साचा करायला जो खर्च येतो तो त्यातून पन्नास हजार डबे निघोत की पाचशे, तेवढाच. मोठ्या मापाच्या गाड्यांचं गिऱ्हाईक मुठीएवढं, म्हणून साच्याचा बोजा थोड्या नगांवर पडतो. शिवाय जुळवणी हाताची. मगरीच्या अंगावर किती कठडे, पायऱ्या, दिवे, तारा आहेत ते पाहिलं की मजुरीचा अंदाज येतो. किंमत वाढवावी तर गिऱ्हाईक कमी, गिऱ्हाईक कमी म्हणून किंमत आणखी वाढते. हे चक्र कारखानदारालाही सोडत नाही. लेहमान कंपनीने २००६ मध्ये दिवाळं जाहीर केलं आणि एलजीबी मेर्कलिनकडे गेली. खुद्द मेर्कलिनवर २००९ मध्ये, स्थापनेच्या दीडशेव्या वर्षी, तीच पाळी आली. पुढे २०१३ मध्ये एका खेळणी उद्योगातल्या कुटुंबाने ती विकत घेऊन सावरली. पैसे खाणाऱ्या छंदाने पैसे घेणाऱ्यांनाही सोडलं नाही, हे पाहून कर्जखात्यातल्या माणसाला जरा बरं वाटतं.

आणि या सगळ्याला सुरुवात कुणी केली? मेर्कलिननेच. १८५९ मध्ये ग्योपिंगनला ही कंपनी बाहुलीच्या स्वयंपाकघरातली पत्र्याची भांडी करायची, म्हणजे आपली भातुकलीच. मालक १८६६ मध्ये वारले. त्यांची बायको कारोलिना स्वतः गावोगाव फिरून माल विकत राहिली आणि तिने धंदा तगवला. भातुकलीच्या धंद्यात एक गोष्ट पक्की कळते. पातेली कधी पुरत नाहीत. या वर्षी चूल, पुढच्या वर्षी तवा, मग फडताळ. मुलांनी १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तेच तंत्र रेल्वेला लावलं. रुळांची मापं ठरवून त्यांना क्रमांक दिले, म्हणजे आज घेतलेल्या गाडीला पुढच्या नाताळात घेतलेला डबा हमखास जोडता यावा. त्याआधी गाडी हे एक खेळणं होतं, घेतलं, संपलं. त्यानंतर ते खातं झालं. सव्वाशेहून अधिक वर्षं लोक त्यात पैसे भरत आहेत, काढता मात्र येत नाहीत. मला विचाराल तर इंजिनापेक्षा हा शोध मोठा.

ज्याला पैसे काढायची गरजच नव्हती असं एक गिऱ्हाईक आपल्याच भाषेतल्या घराण्यातलं. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांबलचक टेबलावर चांदीची गाडी फिरते. पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेणारी. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या त्या काळच्या नामांकित मॉडेल कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती माधवराव शिंद्यांसाठी केली. सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की निघते. डब्यांवर शिंद्यांच्या इंग्रजी नावाचं एकेक अक्षर आहे. चांदीमुळे लोक तिच्या किमतीने दिपतात. मला वाटतं, माधवरावांच्या हौसेतली ती सगळ्यांत स्वस्त बाब असावी. त्यांनी राजवाड्याच्या आवारात खरी दोन फुटी गाडी आणली. तीच पुढे ग्वाल्हेर लाइट रेल्वे झाली आणि तिची एक शाखा श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर गेली. २०२० पर्यंत लोक तिच्या टपावर बसून प्रवास करत होते. महाराजांच्या छंदाचं माप वाढत वाढत १:१ वर पोचलं, एवढाच फरक.

तुमच्या-आमच्या हाती टेबलही नसतं. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुलं आहे. ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी मुलं नसली तरी जाऊन पाहावं. तिथल्या गाड्या एचओ मापाच्या. एका दिवाणखान्याएवढ्या जागेत बोगदे, पूल, गाव, सगळं. तेच दृश्य एलजीबीच्या मापात मांडायचं म्हटलं तर पंधरापट जागा लागेल. तेवढं नको, नुसतं एक गोल म्हणू. लांब डबे शोभून दिसावेत म्हणून वळणाची त्रिज्या निदान ११९५ मिलिमीटर हवी. कॅटलॉगात तिला आर-३ म्हणतात. व्यास जवळजवळ आठ फूट. भोवती माणसाला फिरायला जागा धरली तर दहा बाय दहाची खोली गेली. शंभर चौरस फूट. कोथरूडला चौरस फुटाला बारा हजार धरले तर बारा लाख. त्या गोलावर दादाकडची सगळी इंजिनं एका वेळी उभी केली तरी खालच्या फरशीची किंमत वरच्या मालापेक्षा जास्त भरेल. गाडी महाग आहे असं म्हणणाऱ्या पुणेकराने आधी फरशीकडे बघावं.

सरकारनेही हात आखडता घेतला नाही. खेळणी आणि मापाबरहुकूम केलेली मॉडेलं सीमाशुल्काच्या पुस्तकात एकाच शीर्षकाखाली येतात. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. रोख होता परदेशातून येणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या ढिगाऱ्यावर. जाळ्यात अडकली स्विस मगर. कुणी दुकानदाराने रीतसर मागवायची ठरवली तर लाखाचं इंजिन कुठे जाऊन बसेल याचा हिशेब करून बघा. मी एकदा दादाकडून एक डबा घेऊन आलो, बॅगेतून. त्या वेळी पन्नास हजारांपर्यंत सूट होती आणि वरच्या रकमेवर साडेअडतीस टक्के, त्यामुळे मी निर्धास्त होतो. मुंबई विमानतळावर अधिकाऱ्याने खोकं उघडायला लावलं. डबा हातात घेतला, उलटा केला, एक चाक बोटाने फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं.

"नातवाला का?"

"नातू अजून व्हायचाय."

"मग तुम्हाला." त्याने डबा परत नीट ठेवला, कागदाच्या घड्यासुद्धा. "इंजिन कुठंय?"

"ते परवडत नाही, साहेब."

तो पहिल्यांदा हसला आणि त्याने मला जाऊ दिलं.

या छंदाबद्दल एकच गोष्ट मला मनापासून खटकते. ही गुंतवणूक आहे असं सांगितलं जातं. दादाही सांगायचा. अमुक इंजिन मर्यादित संख्येत निघालं, तमुकचा साचा मोडला, आता भाव चढणारच. सोन्याच्या बाजूला बसवून वहिनींसमोर त्याने असे बरेच युक्तिवाद केले. चढले असतील भाव एके काळी. पण ज्या पिढीने लहानपणी या गाड्या काचेतून पाहिल्या आणि पगार हातात आल्यावर घेतल्या, ती आता सत्तरीत-ऐंशीत आहे. तिची मुलं फ्लॅटमध्ये राहतात आणि पडद्यावर खेळतात. विकणारे वाढले, घेणारे तेच. तिकडे रविवारी एखाद्या शाळेच्या क्रीडागृहात जुन्या गाड्यांचा बाजार भरतो. दादाबरोबर मी गेलो होतो. लांब टेबलं, कॉफीचा वास, आणि जवळजवळ सगळी गिऱ्हाइकं पिकल्या केसांची. नव्याने हजाराला घेतलेलं इंजिन तिथे साडेतीनशेला उभं होतं आणि लोक त्यावरही घासाघीस करत होते. दादाही करतो, मिरजेच्या लक्ष्मी मार्केटात मुरलेला माणूस आहे. एका टेबलामागे एक आजी बसल्या होत्या. समोर लाल खोकी, प्रत्येकावर पेन्सिलने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. अक्षर त्यांचं नव्हतं. दादाने एक मालडबा उचलला, त्यांनी किंमत सांगितली, त्याने काही न बोलता तेवढे पैसे दिले. मग त्यांनी विचारलं, बाकीचं सगळं एकदमच घेता का, आणि सगळ्या खोक्यांची मिळून जी रक्कम सांगितली ती ऐकून त्याने खिशातून चष्मा काढला आणि परत ठेवला. आम्ही घेतली नाहीत. गाडीत जागा नव्हती हे खरं, पण कारण ते नव्हतं.

त्यानंतर दादाने गुंतवणुकीचा शब्द टाकला. त्याऐवजी प्रत्येक खोक्यात झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी डकवली. घेतलं कधी, कितीला, आज काय येईल, आणि यापेक्षा कमीत देऊ नये. मराठीत, म्हणजे वहिनींना वाचता यावं आणि गिऱ्हाइकाला येऊ नये. बँकेत आम्ही याला तारणाचं वार्षिक मूल्यांकन म्हणायचो, आणि इतकं प्रामाणिक मूल्यांकन मी एकाही कर्जदाराकडून पाहिलं नाही. मगरीच्या चिठ्ठीवर खरेदीच्या निम्म्याहून कमी आकडा आहे. त्याने तो स्वतः, खोडाखोड न करता लिहिला आहे.

वहिनींनी त्या चिठ्ठ्या वाचल्या आहेत. "मला विकायचं असतं तर मी हे जिवंत असतानाच विकलं असतं," त्या मला म्हणाल्या, भाजी चिरता चिरता. "तेव्हा निदान मांडून दाखवायला, चालवून दाखवायला माणूस घरात आहे. बंद खोक्याला कोण पैसे देतं? आणि एक सांगू का, बागेचा खर्च मी कधी लिहिला नाही. रोपं, खत, ते पाइप. मी लिहिला तर यांची मगर स्वस्त निघेल." हे दादाला सांगायचं नाही, अशी तंबीही दिली. दादा मराठी वाचतो, पण या मासिकाची त्याची वर्गणी कधीच संपली आहे.

दादाकडच्या श्टाइन्झ इंजिनाच्या खोक्यातल्या चिठ्ठीवर आकडा नाही. माझं नाव आहे आणि पुढे 'हस्ते पोच' असं लिहिलं आहे. त्यामुळे अलीकडे मी घरी टेप घेऊन फिरतो. आमची गॅलरी चार फूट खोल, म्हणजे १२२ सेंटिमीटर. एलजीबीचं सगळ्यांत घट्ट वळण ६०० मिलिमीटर त्रिज्येचं, गोल १२० सेंटिमीटरचा. कागदावर बसतो. पण ती त्रिज्या रुळाच्या मध्यापर्यंतची. बाहेरचे स्लीपर आणि वळणावर इंजिनाचा कोपरा धरला तर १३० हवेत. आठ सेंटिमीटर कमी पडतात, आणि ते जगात कुणी विकत नाही. सरळ रूळ मात्र अकरा फूट मावतो. इंजिन एका कठड्यापासून दुसऱ्यापर्यंत जाईल, थांबेल, उलटं येईल. अशी ये-जा आपोआप करवणारं एक यंत्र मिळतं. त्याची किंमत मी अजून पाहिलेली नाही. बायकोने एवढंच विचारलं आहे की कपडे वाळत घालायच्या दोऱ्या गाडीच्या वरून जाणार की खालून.